कोठारातली हेन्रिएटा

रविवार, ६ मार्च १९८८

बोटघराचं दार आज बसवलं. एका बोटानं ढकललं की सरकतं आणि जिथं सोडावं तिथं थांबतं. व्हर्नाला बोलावून तीनदा सरकवून दाखवलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "दार छान आहे. पण आत ठेवणार काय, बदकं?"

बायको आहे, बोलणारच. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथं लिहून ठेवतो. बोट लाकडी हवी. इंजिन पोटात हवं, मागं शेपटीसारखं लोंबणारं नको. निदान चाळीस वर्षं जुनी हवी. मोडकी असली तरी चालेल, कारण ती मी उघडणार आणि मीच बांधणार. बत्तीस वर्षं मी उन्हाळी लोकांची कॉटेजं सांभाळतोय. हिवाळ्यात त्यांच्या छपरावरचं बर्फ काढतो, वसंतात त्यांच्या बोटींना वार्निश लावतो. मग ते जूनमध्ये टोरांटोहून येतात, ऑगस्टच्या जुन्या बोटींच्या प्रदर्शनात बक्षीस घ्यायला वर जातात आणि मी खाली उभा राहून टाळ्या वाजवतो. या गावातल्या कुणाही माणसानं स्वतःच्या बोटीवर तिथं बक्षीस घेतलेलं नाही.

बोटघरात जागा एकाच बोटीची. म्हणजे चुकीला जागा नाही. मी सहसा चुकत नाहीच.

शनिवार, १२ मार्च

टोरांटोच्या अ‍ॅशवर्थसाहेबांच्या शेडमध्ये 'व्हिस्पर' पाहिली. सव्वीस फूट, महोगनी, १९३४ची. सुरीसारखी निमुळती. वार्निश उडालंय, इंजिन काढून नेलंय, पण तळ सुका आणि ठणठणीत. साहेब म्हणतात, तूच घे ऑरिन, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला जीव होत नाही. किंमतही माफक. पट्टी लावून पाहिली, कुठंही बाक नाही. प्रदर्शनात पहिली येईल.

स्क्रूंच्या खाचा एका रेषेत नाहीत. ते करता येईल.

शनिवार, १९ मार्च

डन्फीबाईंच्या कोठारात 'हेन्रिएटा' पाहिली. पाहायची म्हणून पाहिली. डन्फीबाई कोठार विकून गावातल्या दोन खोल्यांत राहायला जाणार आहेत आणि बोट कुणाला तरी द्यायची आहे, असं गॅरेजवाला गस बोलला होता. शोध घ्यायचा तर नीट घ्यावा.

दोष लिहितो. एक तर ही सहलीची बोट नव्हेच. ही बेटांवर किराणा पोहोचवणारी बोट. लोर्न डन्फी आणि बाई मिळून तीस उन्हाळे हिच्यातून बेटांवरच्या कॉटेजना दूध, बटाटे, रॉकेल आणि बर्फाच्या लाद्या पोहोचवायचे. लोर्न वारला तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती कोठारात कोरडी पडलीय. फळ्या इतक्या आटल्यात की आत बसलं की बाहेरचं गवत दिसतं. फटींत बोटाचं नख सहज जातं. रुंदीला तर एखाद्या आत्याबाईसारखी. मागची बाजू सरळ कापलेली नाही, आत वळलेली, पाणी मागं न खेचता सोडून देणारी. असं वळण हल्ली कुणाला जमत नाही आणि तेव्हाही टॅगर्टच्या बोटींच्या कारखान्यातल्या एखाद्यालाच जमत असणार. पण प्रदर्शनात हे कोण बघतं? उजव्या कठड्यावर दोऱ्यांनी घासून घासून खोबण पडलीय, तळहात बरोबर बसतो. ती भरायची म्हटलं तर भरता येईल, पण भरू नये. इंजिन सहा सिलिंडरचं, जाम झालेलं. उंदरांनी बाकाखाली घर केलंय. समोरच्या काचेची चौकट पितळी, मूळची. खालून कण्यावर हात फिरवत गेलो, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, शेवटापर्यंत एकही उंचवटा लागला नाही. पन्नास वर्षांत कणा वाकला नाही म्हणजे कमाल आहे. असो. दोष चालले होते.

मग नेहमीप्रमाणे आरी काढली आणि खालच्या फळीत टोचली. मागून काठी आली, थेट बोटांवर.

"काय चाललंय?"

"लाकूड तपासतोय, डन्फीबाई. कुजलं असेल तर आरी आत जाते."

"गेली?"

"नाही."

"मग काढ बाहेर. मी तुझ्या दाढेत न विचारता सुई खुपसली तर चालेल?"

मी म्हटलं, ही तपासणीची पद्धत आहे. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या बोटीला टोचायच्या आधी विचारायचं, ही त्याहून जुनी पद्धत आहे. आता नीघ."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. निघालो. निकाल: हेन्रिएटा बाद.

बुधवार, २३ मार्च

गस हॅल्व्होर्सनच्या गॅरेजवर कॉफीला गेलो. सगळ्या गावाला कळलंय.

"ये ये, दातांचे डॉक्टर!" गस ओरडला. "म्हातारीनं काठीनं हाणलं म्हणे?"

"मतभेद झाला."

"काठी तिच्याकडे होती, मग मतभेद एकाच बाजूनं झाला असेल, मर्दा."

मी त्याला हेन्रिएटाची अवस्था सविस्तर सांगितली. फटी, उंदीर, इंजिन, मागचं वळण. त्याची कॉफी संपली, दुसरी संपली. मग त्यानं विचारलं, "आणि ती दुसरी, व्हिस्पर?" मी म्हटलं, चांगली आहे.

घरी व्हर्नासुद्धा तेच म्हणाली. "चार दिवस त्या हेन्रिएटाला नावं ठेवतोयस. व्हिस्परबद्दल एकदाच बोललास, तेही हवापाण्याबद्दल बोलावं तसं." मी तिला समजावलं की दोष जिथं असतात तिथंच बोलायला विषय असतो. ती "बरं" म्हणाली आणि विणत बसली. त्या "बरं"चा सूर मला आवडला नाही.

शनिवार, २ एप्रिल

माझी आरी डन्फीबाईंच्या कोठारात राहिली होती. घरात आणखी चार आहेत, पण ती चांगली होती. म्हणून जावं लागलं.

बाईंनी आरी दिली, चहा दिला, लोण्याची टार्टंही दिली. त्या बोटीतच बसल्या होत्या, सुकाणूच्या चाकामागं, मांडीवर घोंगडी घेऊन. मी शिडीवर बसलो. म्हणाल्या, "आत ये की. ती काही चावत नाही."

मी म्हटलं, परवानगी असेल तर दोन मापं घेतो. त्या हसल्या. "शिकलास म्हणायचा!"

मापं घेता घेता कळलं की आतापर्यंत तिघांनी बोट न्यायचा शब्द दिला. तिघेही म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात. मग कुणी आलं नाही. आता धक्क्याजवळच्या हॉटेलवाल्या लॅम्बीनं मागणी घातलीय. तो तिला मधोमध उभी कापणार. अर्धी भिंतीला टेकवून तिच्यावर काच टाकणार आणि दारूचं काउंटर करणार. उरलेल्या अर्ध्या भागात बर्फ घालून शिंपले मांडणार.

"आणि तुम्ही देणार?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, असं बाई म्हणाल्या.

"का नाही? कुणाच्या तरी बोटघरात कापड पांघरून पडून राहण्यापेक्षा लोक तिच्यावर कोपरं टेकून जेवतील. ज्याला ती पाण्यात चालवायचीय त्याला मी फुकट देईन. पण 'पुढचा उन्हाळा' मी आता ऐकणार नाही. व्हिक्टोरिया डेच्या सोमवारी ती स्वतःच्या इंजिनावर तळ्यात दिसली पाहिजे. नाही दिसली तर मंगळवारी लॅम्बी करवत आणेल."

मे महिन्याच्या तेवीस तारखेपर्यंत! तळ्यावरचं बर्फसुद्धा अजून फुटलेलं नाही. अशक्य गोष्ट आहे. शिवाय माझा संबंध नाही.

कापणार उभी. म्हणजे कणा चिरणार. लॅम्बीला लाकडातलं काय कळतं?

रविवार, १७ एप्रिल

अ‍ॅशवर्थसाहेबांशी व्हिस्परचं पक्कं करायला गेलो होतो. ते आठवड्यापुरते आलेत. व्हिस्की दिली. सगळं ठरलं आणि मी दाराशी पोहोचलो, तेव्हा म्हणाले, "एक बारीकशी गोष्ट, ऑरिन. पहिल्या वर्षी प्रदर्शनात ती आमच्या घराण्याच्या नावानं उतरवू. वडिलांची होती ना! काम तू केलंस हे सगळ्यांना सांगूच."

मागणं चुकीचं नाही. वडिलांची आठवण माणसाला असतेच. मी "विचार करतो" म्हणालो आणि चालत आलो. गाडी त्यांच्या दारात राहिली, ती नंतर व्हर्नानं जाऊन आणली.

रात्रीच्या जेवणाआधी सगळ्याचा शांतपणे विचार केला. व्हिस्परला साधारण दोन हिवाळ्यांचं काम. हेन्रिएटाला पाच आठवडे, तेही मिळाले तर. व्हिस्परचा तळ चांगला, हेन्रिएटाचा तळ म्हणजे चाळणी. व्हिस्परला पहिलं बक्षीस नक्की, हेन्रिएटाला प्रदर्शनात उभी राहू देतील की नाही शंका. इंजिन मात्र हेन्रिएटाला आहे आणि जाम झालेलं इंजिन सोडवणं हे माझं काम आहे. शिवाय लाकूड जास्त जाड आणि कणा सरळ.

सबब हेन्रिएटा घेतो. निर्णय पूर्णपणे तांत्रिक कारणांवरून घेतला आहे.

व्हर्नाला सांगितलं. ती म्हणाली, "तुझी कामाची विजार कालच शिवून ठेवलीय."

सोमवार, २५ एप्रिल

काल बर्फ फुटलं. बर्फावर ठेवलेलं पिंप दुपारी पाण्यात पडलं. ते कधी पडेल याची यंदाची पैज गसनं जिंकली, त्यामुळे महिनाभर त्याचं तोंड बंद होणार नाही.

त्यानं ट्रकवरून हेन्रिएटा माझ्या अंगणात आणून दिली. इंजिन उघडलं. पिस्टनमध्ये तेल आणि रॉकेल मुरत ठेवलंय. वाट पाहायची. जोर करायचा नाही. जोर करणारे लोक इंजिनं मोडतात.

सोमवार, २ मे

सुटलं! पट्ट्याचं चाक हातानं ढकललं आणि जाड आवाज करत अर्धा फेरा फिरलं. मी कुणाकडे शिकलो नाही. बारा वर्षांचा असताना काकांचं लाकूडतोडीचं इंजिन उघडलं आणि परत लावलं, तिथून सुरुवात. शिकवलेल्या माणसाला फक्त शिकवलेलं येतं.

काळ्या माश्या आल्यात. कानामागून रक्त काढतात.

शनिवार, ७ मे

आता फटी. डन्फीबाई बघायला आल्या, घडीची खुर्ची टाकून बसल्या. मी इपॉक्सी मिसळून फटींत भरत होतो. फटी आधी घासून स्वच्छ, कडा काटकोनात, मग भरण, मग घोटून सपाट. काचेसारखं काम.

"हे वाळल्यावर कसं होतं?" बाईंनी विचारलं.

"दगड."

"लाकडाला फुगायला जागा ठेवलीस?"

मी हसलो. त्यांना समजावलं की जुन्या काळी इपॉक्सी नव्हतं, म्हणून लोक दरवर्षी बोटी पाण्यात भिजवत बसायचे. लाकूड फुगेपर्यंत गळायचं, लोक बघायचे, बादल्या उपसायच्या. आता ती वेळ येत नाही. ऑरिन टॅटलॉकची बोट गळणार नाही.

"लोर्न हिला दर वसंतात बुडवायचा," बाई म्हणाल्या. "धक्क्याजवळच्या वाळूवर. आधी बुडायची, मग तरंगायची."

"लोर्न चांगला माणूस होता," मी म्हटलं.

त्या खुर्ची मिटून गेल्या. तुटकपणे वागल्या थोड्या. म्हातारपणी बदल सोसत नाही.

शनिवार, १४ मे

आजचा दिवस!

गसच्या ट्रकनं गावच्या धक्क्याजवळच्या उतारावरून हेन्रिएटा पाण्यात उतरवली. निम्मं गाव आलं होतं. कुणी बादली आणली होती, कुणी पोरांचं टबातलं बदक. गसनं तर पैज लावली होती की दहा मिनिटांत माझे बूट ओले होतील. मी बोटीत उतरलो, पायाखालच्या सुट्या फळ्या उचलल्या आणि उभा राहिलो. एक थेंब नाही. पाव तास झाला तरी नाही. शेवटी खिशातून रुमाल काढून तळावर फिरवला आणि सगळ्यांना वर धरून दाखवला. कोरडा. गसनं टोपी काढून नमस्कार केला.

इंजिन तिसऱ्या फेऱ्याला लागलं. तिला बोटघरात आणून बांधली. दार एका बोटानं लोटलं.

व्हिक्टोरिया डेला नऊ दिवस बाकी आणि काम पुरं. डन्फीबाई धक्क्यावर होत्या, पण टाळ्या वाजवल्या नाहीत. जाताना व्हर्नाला म्हणाल्या, "सोमवारी बघू." कुठला सोमवार ते कळलं नाही.

सोमवार, १६ मे

सकाळी न्याहारी करत होतो. बोटघरातून गोळी झाडल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. मी पळालो.

पायाखालच्या फळ्या उचलल्या. इंजिनाखालच्या तीन बरगड्या, फळ्यांना आतून धरणाऱ्या लाकडी कमानी, मधोमध मोडल्यात. माझ्या डोळ्यांसमोर चौथी कण्हत होती. एका फळीचे स्क्रू लाकडातून ओढून बाहेर आलेत. दोन दिवसांत फळ्या पाणी प्यायल्या, फुगल्या, आणि त्यांना बाजूला सरकायला जागा नव्हती. जिथं जागा हवी होती तिथं मी दगड भरलाय. मग त्यांनी बरगड्या मोडल्या.

आत अजूनही एक थेंब पाणी नाही. हे सगळ्यात वाईट.

तिला बाहेर काढली. गस ट्रक घेऊन आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १७ मे

अ‍ॅशवर्थसाहेबांचा फोन. कुणी तरी त्यांना कळवलं असणार. व्हिस्पर अजून शेडमध्येच आहे. नावाबद्दल त्यांनी फेरविचार केलाय. पहिल्या वर्षापासून माझ्याच नावानं उतरवायला हरकत नाही. "हट्टापायी माणसानं आपलं कसब वाया घालवू नये," म्हणाले. सरळ बोलले. उद्यापर्यंत कळवतो म्हटलं.

व्हर्नानं विचारलं, "मग?"

मग काय? मला हवं होतं ते सगळं मिळतंय. सहा दिवसांत बरगड्या बसवायच्या, फटींतलं सगळं भरण खरवडून काढायचं आणि पुन्हा गळकी बोट पाण्यात घालायची, हे शहाण्या माणसाचं काम नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग डन्फीबाईंना तू स्वतः जाऊन सांग. फोनवर नको."

गेलो. त्या सामान बांधत होत्या. सांगितलं, बरगड्या मोडल्या.

"किती?"

"तीन. एक चौथी तडकलीय."

"लोर्ननं पहिल्या वर्षी पाच मोडल्या होत्या." त्या कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत राहिल्या. "डांबर आणि भुसा ठासून भरला होता त्यानं. बोट गळताना लोकांना दिसू नये म्हणून. तोही तुझ्यासारखाच, नाकाला जपणारा. लोक हसतील म्हणून तिला बुडवेना. मग पुढच्या वर्षी मीच बुडवली. तो घरात बसून राहिला, पडदे ओढून."

"आणि?"

"आणि तिसऱ्या दिवशी ती आपली आपण वर आली. तो बाहेर आला, दाढी करून. जणू सगळं त्यानंच ठरवून केलं होतं."

मी कपबशा गुंडाळायला मदत केली. पंधरा-वीस गुंडाळल्या. त्यांनी गुंडाळलेल्या काही मी सोडून पुन्हा गुंडाळल्या, कोपरे नीट नव्हते. जे सांगायला गेलो होतो ते सांगायचं राहून गेलं.

बुधवार, १८ मे

साहेबांना फोन करून नाही म्हणालो. काम सुरू.

शुक्रवार, २० मे

करवतीच्या जुन्या पात्याला वाकवून हूक केला आणि सगळ्या फटी उकरल्या. काचेसारखं काम होतं ते. उकरताना माझंच मला कळलं, किती चांगलं भरलं होतं. आता फटींत नुसता कापसाचा पीळ, सैल, आणि त्यावर मऊ पुट्टी. तीही पूर्ण नाही. प्रत्येक फटीत जागा ठेवलीय. जागा ठेवणं हे भरण्यापेक्षा अवघड काम आहे. हाताला ते पटत नाही.

गसनं इंजिन उचलून गॅरेजमध्ये नेलं. व्हर्नानं दोन दिवस चुलीवर हंडा उकळत ठेवला. त्याच्या वाफेत ओकच्या पट्ट्या मऊ केल्या आणि मोडक्या बरगड्यांशेजारी नव्या वाकवून बसवल्या. वाफेतून काढलेली पट्टी थंड व्हायच्या आत वाकवायची असते. व्हर्ना एका टोकाला, मी दुसऱ्या. "दाब!" "दाबतेय, ओरडू नकोस!" असं करत चारही बसल्या.

आता बुडवायचं कुठं? माझ्या बोटघराखाली पाणी खोल आहे, तिथं तळाला गेली तर गेलीच. उथळ वाळू फक्त एका ठिकाणी आहे, गावच्या धक्क्याशी. उद्या लाँग वीकेंडचा शनिवार. टोरांटोचे सगळे लोक येतात, धक्क्यावर आइस्क्रीम खातात.

व्हर्ना म्हणाली, "पडदे ओढून बसायचं असेल तर बुडवायला मी जाते." कपबशा गुंडाळताना काय बोलणं झालं ते तिला कुणी सांगितलं?

मी म्हटलं, मी जाणार.

शनिवार, २१ मे

गेलो.

दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला. गसनं बोट उतारावरून वाळूवर सोडली. चारी बाजूंनी पाणी आत आलं. फटींतून, आधी घाम फुटल्यासारखं, मग नळ सोडल्यासारखं. अर्ध्या तासात ती वाळूवर बसली आणि कठडे तेवढे वर राहिले. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. गेल्या शनिवारी ज्यांना रुमाल दाखवला होता ती सगळी माणसं होतीच, वर टोरांटोची निराळी.

"टॅटलॉक, रुमाल आण रे!"

"ऑरिन, मासे कितीला किलो?"

एका बाईंनी पोराला सांगितलं, "बघ, ती बोट बुडली बिचारी." मी म्हटलं, "बुडली नाही, बाई. बुडवलीय." ते ऐकून आणखी हसले.

लॅम्बी हॉटेलातून फूटपट्टी घेऊन आला. खरोखरच घेऊन आला. कठड्याची रुंदी मोजली आणि म्हणाला, "काळजी करू नकोस. अर्धी कापली की पाणी आपोआप निघून जाईल."

मी म्हटलं, "मंगळवारी ये. आणि माझ्या बोटीला हात लावायच्या आधी विचारायचं."

अ‍ॅशवर्थसाहेब त्यांच्या मोठ्या बोटीतून जवळून गेले. त्यांनी हात केला. मीही केला, कोपरापर्यंत ओला.

संध्याकाळपर्यंत तिथंच उभा होतो. जायचं कशाला? माझीच होती ती.

रविवार, २२ मे

सकाळी पंप लावला. उपसलं तेवढं परत आलं. दुपारी पुन्हा लावला. परत आलं, पण हळू. गस म्हणाला, "लेका, हे तळं रिकामं करायचा विचार आहे का?" पण पेट्रोल त्यानंच आणून ओतलं.

चारच्या सुमाराला पंप चालू होता आणि मी फळीवर हात ठेवून उभा होतो. बोट वाळूवरून उचलली गेली. आवाज नाही, धक्का नाही. हाताखाली एकदम हलकी झाली. फटी शोधल्या, सापडेनात. फळीला फळी भिडलीय. मी न भरलेली जागा लाकडानं भरलीय, माझ्याहून बारीक.

कान लावून बरगड्या ऐकल्या. गप्प.

गसनं ट्रकवरच्या क्रेननं इंजिन आत सोडलं. अंधार पडेपर्यंत पंख्याचा दांडा इंजिनाशी रेषेत आणला. तळात पेलाभर पाणी आहे. राहू दे.

सोमवार, २३ मे. व्हिक्टोरिया डे

दहाला इंजिन लागलं. डन्फीबाई ठेवणीतला निळा कोट घालून आल्या. मी बोटीची कागदपत्रं मागणार नव्हतो, पण त्यांनी पिशवीतून काढून आधी व्हर्नाच्या हातात दिली. "याच्याकडे नको, भिजवेल," म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरून बोटीत उतरवलं. मला वाटलं, त्या बाकावर बसतील. त्या चाकामागं बसल्या. मी धक्क्यावर होतो, दोर माझ्या हातात. आता आत उडी मारणार, तेवढ्यात म्हणाल्या, "दोर सोड, ऑरिन."

"मी येतो ना, बाई."

"कशाला? तुला कुठं जायचंय?"

धक्क्यावर माणसं उभी होती. मी दोर सोडला. काय करणार होतो?

त्यांनी मागं न बघता तिला मागं घेतली, वळवली आणि सोडली. मी बत्तीस वर्षांत कितीतरी बोटी पाण्यात सोडल्या असतील, पण नेहमी आत वाकून काही तरी ऐकत असायचो, घट्ट करत असायचो. धक्क्यावर हात मोकळे ठेवून उभा कधी राहिलो नाही. नाळ जरा वर उचलली, पाणी दोन्हीकडे सारखं फुटलं आणि मागं त्या वळणापाशी ते उसळलंच नाही. सपाट. घडी घातल्यासारखं मिटलं. मी पट्टी लावून, हात फिरवून, आरी टोचून तिला पाहिलं होतं. चालताना कशी दिसते ते आज पाहिलं.

बाईंनी पाइन बेटाला वळसा घातला. दिसेनाशा झाल्या. गस म्हणाला, "परत येतील ना?" कुणी हसलं नाही.

व्हर्ना माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "काय रे, डोळे कशाला पुसतोस?" मी म्हटलं, काळ्या माश्या. ती म्हणाली, "बरं."

बेटाच्या पलीकडून इंजिनाचा आवाज येत होता. सहाही सिलिंडर सारखे वाजत होते. मग नाळ दिसली.